टर्की उतरल्यानंतर

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, अचानक बंद झाली की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनींच्या बोलीत ही ‘टर्की’. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे मिळाली तर आठवडा-दहा दिवसांत ती उतरते. घरच्यांना वाटते, सुटला. निवासी उपचारांचे खरे काम मात्र तिथून सुरू होते. शरीर शांत झाले तरी मनाची ओढ, जुने मित्र आणि नेहमीचा अड्डा होते तिथेच असतात.

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला राहणाऱ्या माणिकपूरकरांना अशा उपचारांसाठी फार लांब जावे लागत नाही. कृपा फाउंडेशनचे निवासी केंद्र वसईतच आहे. मूळचे वसईचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ही संस्था सुरू केली. ते योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमाला इथे आसने आणि प्राणायामाची जोड मिळाली.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची घडण वेगळी. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते उभे केले. सुमारे पाच आठवड्यांच्या मुक्कामात ठरलेली दिनचर्या, समूहोपचार आणि समुपदेशन असते. पूर्वी स्वतः व्यसनात असलेले लोकही तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. नवख्याची थाप त्यांच्यापुढे टिकत नाही! पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण व्यसन घरालाही आजारी करते.

केंद्र निवडताना नोंदणी आणि डॉक्टरांची उपलब्धता आधी पाहावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ व्यसनाधीनतेलाही लागू आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात सक्त मनाई आहे. मारून-मुटकून, कोंडून ‘सुधारणाऱ्या’ जागेला उपचारकेंद्र म्हणता येत नाही.

घरी परतल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर जीव जाऊ शकतो. म्हणून फॉलो-अप चुकवू नये. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.