विश्लेषण : पाटीवर एक नाव, क्यूआरवर दुसरेच! छोट्या दुकानाची ओळख सगळीकडे सारखी कशी ठेवायची?

अंगारकी चतुर्थीला टिटवाळा स्थानकातून महागणपती मंदिराकडे जाणारा रस्ता पहाटेपासून भरलेला असतो. हार-नारळ, पेढे, मोदक, पूजासाहित्य, चहा-नाश्ता अशी दुकाने ओळीने लागलेली. यातला बराचसा ग्राहक बाहेरगावचा. तो घाईत असतो, एकदा खरेदी करतो आणि कसारा किंवा सीएसएमटीच्या लोकलने निघून जातो. घरी गेल्यावर पेढे आवडले, पुन्हा मागवावेसे वाटले, तर त्याच्याकडे उरतो तो रिकामा खोका आणि मोबाइलमधली पैसे दिल्याची नोंद. त्या दोन्हींवर वेगवेगळी नावे असतील, तर तो ग्राहक दुकानापर्यंत पुन्हा पोहोचणार कसा? ‘ब्रँडिंग’ हा मोठ्या कंपन्यांचा विषय मानला जातो. पण त्यातला सातत्याचा भाग छोट्या दुकानदाराच्या गल्ल्याशी थेट जोडलेला आहे.

गोंधळ नेमका कुठे होतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दुकानाच्या पाटीवर ‘श्री गणेश मिठाई’ आहे. खोक्यावर ‘गणेश स्वीट्स’ आणि चार वर्षांपूर्वीचा मोबाइल क्रमांक. गुगल मॅपवर कुणा ग्राहकानेच टाकलेले ‘गणेश पेढेवाला’. स्विगी-झोमॅटोवर इंग्रजी स्पेलिंग वेगळे आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसते मालकाच्या भावाचे नाव. दुकानदाराला ही सगळी नावे आपलीच वाटतात, पण ग्राहकासाठी ती पाच वेगळी दुकाने असतात. त्यात शेजारीच दुसरे ‘गणेश’ असेल, तर चांगल्या मालाचे कौतुक एकाचे आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला, असे सहज घडू शकते.

हे सहसा निष्काळजीपणामुळे होत नाही. पाटी पेंटरने केली, खोका प्रिंटिंग प्रेसने छापला, गुगलवरची नोंद भाच्याने केली आणि क्यूआर बँकेच्या माणसाने लावला. प्रत्येकाने आपल्या परीने नाव लिहिले; एक ठरलेला नमुना कुणालाच दिला गेला नाही.

पैसे देताना दुसरे नाव का दिसते?

यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी समोर दिसणारे नाव बँकेच्या नोंदीतले असते. फसवणूक रोखण्यासाठी एनपीसीआयने २०२५ मध्ये याबाबत सूचना काढली. पैसे घेणाऱ्याचे बँकेत पडताळलेले नावच अॅपमध्ये दाखवावे, टोपणनाव किंवा फोनमध्ये सेव्ह केलेले नाव नको, अशी ती सूचना होती आणि तिच्या अंमलबजावणीसाठी ३० जून २०२५ ही मुदत होती. त्यामुळे क्यूआरच्या स्टँडवर दुकानाचे नाव कितीही ठळक छापले, तरी वैयक्तिक खात्याला जोडलेला कोड स्कॅन केल्यावर व्यक्तीचेच नाव येणार.

नाव जुळत नसेल तर थांबा, असे ग्राहकांना वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. दुकानाच्या क्यूआरवर दुसऱ्याच कुणाचा कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा वेळी पाटी आणि पडद्यावरचे नाव एकच असणे हीच दुकानदाराची आणि ग्राहकाची पहिली सुरक्षा ठरते. त्यासाठी दुकानाच्या नावाने चालू खाते उघडावे लागते. एकल मालकीच्या व्यवसायाला गुमास्ता म्हणजे दुकान नोंदणीचा कागद, उद्यम नोंदणी किंवा जीएसटी प्रमाणपत्र अशा पुराव्यांवर हे खाते मिळते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. मात्र या सगळ्या कागदांवर दुकानाचे नाव अक्षरशः एकसारखे हवे.

पाटीबाबत कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी बंधनकारक झाली. इतर भाषेत नाव लिहिता येते, पण मराठी अक्षरांचा आकार त्यापेक्षा लहान चालत नाही. व्यापाऱ्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

तेव्हा अनेकांनी घाईने पाट्या बदलल्या. काहींनी नाव देवनागरीत लिहिले, तर काहींनी त्याचा अनुवाद केला. ‘स्वीट्स’चे ‘मिठाई’ झाले, ‘स्टोअर्स’चे ‘भांडार’ झाले. पण बिल, खोका आणि गुगलवर जुनेच नाव राहिले. कोणते रूप कायम ठेवायचे हे एकदा ठरवून सगळीकडे तेच लावणे हा यावरचा उपाय. इंग्रजी स्पेलिंगही एकच हवे. ‘श्री’ इंग्रजीत तीन प्रकारे लिहिला जातो आणि खुद्द ‘टिटवाळा’ लिहितानाही ‘व’साठी दोन वेगळी अक्षरे वापरली जातात. शोधणारा ग्राहक यातले कोणते टाइप करेल, याचा नेम नसतो.

गुगलवर नाव कसे असावे?

गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत आहे. दुकान प्रत्यक्षात ज्या नावाने ओळखले जाते, पाटीवर आणि छापील कागदांवर जे नाव आहे, तेच प्रोफाइलवर असावे, असा गुगलचा नियम आहे. शोधात वर येण्यासाठी नावापुढे ‘टिटवाळ्यातील सर्वोत्तम पेढे’ अशी शेपटी जोडली, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. पदार्थ, वेळा, फोटो यांच्यासाठी वेगळे रकाने आहेत. कुणी आधीच आपल्या दुकानाची नोंद केली असेल तर नवी नोंद करू नये. तीच नोंद मालक म्हणून दावा करून ताब्यात घ्यावी, म्हणजे ग्राहकांचे जुने अभिप्राय हातचे जात नाहीत.

नाव नोंदवले की संरक्षण मिळते?

ट्रेडमार्क नोंदणी ‘ट्रेड मार्क्स अॅक्ट, १९९९’ या कायद्याखाली होते. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, तर इतरांसाठी ९,००० रुपये आहे. मिठाई वर्ग ३० मध्ये येते, उपाहारगृह वर्ग ४३ मध्ये. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी होण्यापूर्वी ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच वापरता येतो.

देवस्थानाच्या गावात अडचण असते ती नावाच्या वेगळेपणाची. गावाचे नाव किंवा मालाचे वर्णन एवढ्यावरच ट्रेडमार्क सहसा मिळत नाही, त्यामुळे ‘टिटवाळा पेढे’ यावर एकट्याचा हक्क सांगणे कठीण. धार्मिक ग्रंथाच्या नावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर मक्तेदारी नाकारली होती. गणपतीची नावे तर शेकडो दुकानांवर असतात. असे नाव ठेवण्यात गैर काही नाही, पण त्याला आडनाव, एखादा खास शब्द किंवा चिन्ह यांची जोड दिली तर वेगळेपण सिद्ध करणे सोपे जाते.

नाव मोठे झाले तरी ही लढाई संपत नाही. पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले यांच्या नावाशी साधर्म्य असलेल्या नावाने बाकरवडी विकली जात असल्याची तक्रार २०२५ मध्ये पोलिसांपर्यंत गेली. मूळ वेष्टन, त्यावरचा ग्राहकसेवा क्रमांक आणि ईमेल ठरलेले असतील, तर खरे-खोटे ओळखणे शक्य होते.

लोकांनीच नाव ठेवले तर?

घराच्या खिडकीतून विकला जायचा म्हणून कल्याणचा ‘खिडकी वडा’ आणि मामलेदार कचेरीपाशी मिळते म्हणून ठाण्याची ‘मामलेदार मिसळ’. या दोन्ही नावांमागे जागेची खूण आहे. तुमच्या दुकानालाही ग्राहक पाटीपेक्षा वेगळ्या नावाने हाक मारत असतील, तर ते नाव दुर्लक्षित करू नका. ते पाटीवर, खोक्यावर घ्या आणि जमल्यास नोंदवून टाका. अशी नावे वापरणारे इतरही लवकरच उभे राहतात.

सुरुवात कुठून करायची?

१. ‘ओळखपान’ तयार करा. एका कागदावर मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग, पत्ता, एकच फोन क्रमांक, वेळा आणि लोगो. पुढच्या प्रत्येक कामाला हाच कागद द्यायचा.

२. नाव युनिकोडमध्ये टाइप करून ठेवा. प्रेसच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाइलवर पेस्ट केला तर अक्षरांचा कचरा दिसतो.

३. लोगोची मूळ फाइल डिझायनरकडून मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो फ्लेक्सवर मोठा केला की फाटतो. छपाईच्या रंगांचे सीएमवायके आकडे लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रेसचा लाल वेगळा येतो.

४. आधी फुकटातले बदला. गुगल, व्हॉट्सअॅप बिझनेस, इन्स्टाग्राम, डिलिव्हरी अॅप. मग क्यूआर आणि बँक. खोके आणि बिलबुक आहेत ते संपल्यावर नवे छापा.

५. खाद्यपदार्थांच्या बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. बिलाचा नमुना बदलताना तोही तपासून घ्या.

शेवटची तपासणी दुकानदाराने स्वतः ग्राहक होऊन करावी. अनोळखी फोनवरून आपले दुकान शोधा, क्यूआर स्कॅन करा, खोक्यावरचा क्रमांक फिरवा. तिन्ही ठिकाणी एकच नाव आले आणि फोन दुकानातच वाजला, तर पुढच्या अंगारकीला आलेला ग्राहक त्यापुढच्या अंगारकीपर्यंत हरवणार नाही.