छातीतली जळजळ आणि सहा तास

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझे माहेर आदिलाबादचे, मराठी. सासर मूळचे भालकीकडचे, कन्नड बोलणारे, पण आता आदिलाबादेतच स्थायिक झालेले. काही वर्षांपूर्वी थंडीच्या एका रात्री दोनच्या सुमारास मामंजी अंथरुणात उठून बसले. छातीवर हात ठेवून ‘एदे उरी’ एवढेच म्हणाले. मी त्याचा सरळ मराठी अर्थ लावला, छातीत जळजळ, म्हणजे पित्त. रात्री ज्वारीच्या भाकरीबरोबर झणझणीत वांगे झाले होते. ओवा दिला, जिऱ्याचे पाणी दिले, मग सोडा. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटला. आम्हाला वाटले, आता उतार पडणार.

सकाळी नऊला दवाखान्यात पोचलो. ईसीजी पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “दुखायला कधी लागलं?” ‘रात्री दोनला’ असे सांगितल्यावर ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मामंजी वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. तेव्हापासून त्यांना जिना चढवत नाही. ते मला कधी काही बोलले नाहीत. पण सोड्याचा तो पेला मीच हातात दिला होता, हे मी विसरू शकत नाही.

मी शिकवते मराठी. वैद्यकाशी माझा संबंध नाही. पण त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. तेव्हा कळले, की आमच्या घरी जे घडले ते संशोधकांनी आकड्यांत मांडून ठेवले होते, आणि तेही आपल्याच भागातल्या, आपल्याच भाषांच्या डॉक्टरांनी.

नागपूर काय सांगते?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. युसूफ स्वतः बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पद्धत समजायला सोपी आहे. पहिलाच झटका आलेला रुग्ण घ्यायचा, त्याच्या जोडीला साधारण त्याच वयाचा, झटका न आलेला माणूस घ्यायचा आणि दोघांच्या राहणीत फरक काय ते पाहायचे.

यातल्या दक्षिण आशियाई माहितीवरचा लेख 2007 मध्ये अमेरिकेतील ‘जामा’ या नियतकालिकात आला. त्याचे पहिले लेखक नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, तर इतर देशांत जवळपास 59 व्या वर्षी, असे त्यात दिसले. म्हणजे सहा वर्षे आधी, ऐन कर्त्या वयात.

‘आपलं रक्तच तसं’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या लेखाने ते मान्य केले नाही. तंबाखू-सिगारेट, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, सुटलेले पोट, मनावरचा ताण यांसारखी नऊ कारणे हिशेबात घेतली, की लवकर झटका येण्याचे बरेचसे कोडे उलगडते. निरोगी माणसांतही नियमित व्यायाम करणारे आपल्याकडे फक्त 6 टक्के निघाले, इतर देशांत जवळपास 22 टक्के. फळे-भाज्या रोज खाणारेही आपल्यात कमीच.

बंगळूर काय सांगते?

दुसरे काम सेंट जॉन्सचेच. डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 50 शहरांतल्या 89 रुग्णालयांतून वीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद ठेवली. ती 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ निघाला 360 मिनिटे. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. आम्हाला सात लागले होते.

या सहा तासांत आत काय चाललेले असते? हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झालेली असते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितका स्नायू वाचतो. पहिल्या एक-दोन तासांत त्याचा गुण सर्वांत जास्त.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट दिसली. महिनाभरात दगावण्याचे प्रमाण श्रीमंतांत 5.5 टक्के, तर गरिबांत 8.2 टक्के होते. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर मात्र ही तफावत उरली नाही. गरिबाचे हृदय काही वेगळे नसते, त्याला उपचार कमी मिळतात.

आपल्या हाती काय?

आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. पूर्वी झटका आला, की या दोन वाटांपैकी एक धरावी लागे. 2008 मध्ये गावात ‘रिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मोठे रुग्णालय दाराशी आले. 29 ऑक्टोबर 2021 रोजी पुनीत राजकुमार अवघ्या 46 व्या वर्षी गेले, तेव्हा आमच्या घरी सासूबाई दिवसभर जेवल्या नव्हत्या. पुढे कर्नाटक सरकारने त्यांच्याच नावाने हृदयज्योती योजना आणली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाने तो पाहायचा आणि गुठळीचे इंजेक्शन तिथेच द्यायचे, अशी ती कल्पना.

पण या साऱ्याचा उपयोग आपण घरातून निघालो तरच. छातीत जळजळ, जडपणा किंवा आवळल्यासारखे होणे, दुखणे हात, जबडा वा पाठीकडे जाणे, सोबत घाम किंवा धाप, यांतले काहीही दिसले तर पित्त आहे की नाही हे घरी ठरवू नका. बायकांत आणि मधुमेह्यांत छातीत न दुखताही नुसती धाप किंवा अतोनात थकवा येऊ शकतो. 108 ला फोन करा. हा क्रमांक तेलंगण, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्हीकडे चालतो. ईसीजीत काही निघाले नाही, तर हसत घरी या. हेलपाटा पडला तरी चालेल.

परवा शेजारच्या काकूंनी रात्री अकराला दार वाजवले. काकांच्या छातीत जळजळत होते, सोडा आहे का विचारायला आल्या होत्या. मी आत वळायच्या आधीच मामंजी कॉटवरून म्हणाले, “सोडा नको. आधी गाडी काढा.”