तारेचा हिशेब

गेल्या वर्षीं आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत तांब्याच्या तारेच्या साखळ्या करावयाचें ठरलें. साखळीची लांबी ५० सेंटिमीटर, कडीचा आंतला व्यास ५ मिलिमीटर, म्हणून कड्या १००. एवढें गणित सर्वांनीं बिनचूक केलें. तार मोजून आणली, आणि तरीही ८२ कड्या होतांच ती संपली! दुसऱ्या दुकानांतून पुन्हां त्याच १८ नंबरची तार आणली, तों ती पहिलीपेक्षां जाड निघाली, व साखळीचा शेवट ठिगळ लावल्यासारखा दिसूं लागला. ह्या फजितीचीं कारणें आम्हीं मागाहून शोधलीं. तांब्याच्या तारेंतील चूक थोडक्यांत निभावते. चांदीच्या तारेंत तिचें मोल घराला द्यावें लागतें. म्हणून तीं येथें मांडीत आहों.

पहिली चूक लांबीची. गोल सळईवर तार गुंडाळली म्हणजे तारेची आंतली कड आंखडते व बाहेरची ताणली जाते. खरी लांबी मधल्या रेषेची. यास्तव कडीच्या आंतल्या व्यासांत तारेची जाडी मिळवावी आणि बेरजेस ३.१४ नें गुणावें. आमची तार सुमारें १ मिलिमीटर जाडीची होती. म्हणजे ६ ला ३.१४ नें गुणून एका कडीस १८.८४ मिलिमीटर तार लागावयाची. आम्हीं नुसत्या ५ ला गुणून १५.७ धरली होती! एका कडीमागें तीन मिलिमीटरांची ही चूक शंभर कड्यांत ३१ सेंटिमीटरांवर गेली. शिवाय प्रत्येक काप घेतांना करवतीचें पातें सुमारें पाव मिलिमीटर तार खातें, आणि गुंडाळीचीं दोन्ही टोंकें वांकडीं होऊन वायां जातात. ह्या सर्वांसाठीं एक दशांश तार अधिक धरावी. मग १.८८ मीटरांऐवजीं २.१ मीटर तार आणावी लागते.

दुसरी चूक नंबराची. नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु नंबरांच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, हें ठाऊक नसतें. ब्रिटिश प्रमाणाची १८ नंबरची तार १.२२ मिलिमीटर जाड असते, तर अमेरिकन प्रमाणाची त्याच नंबरची १.०२ मिलिमीटर. म्हणून दुकानदारास नंबर न सांगतां जाडी सांगावी. जवळ मापक नसल्यास पेन्सिलीवर तारेचे दहा वेढे एकमेकांस चिकटवून घ्यावे, त्यांची रुंदी पट्टीनें मोजावी व तीस दहानें भागावें.

आतां वजन. मौल्यवान धातूची तार वजनानें विकली जाते. १ मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तारेचें घनफळ ०.७८५ घन सेंटिमीटर भरतें. एक घन सेंटिमीटर तांबें ८.९६ ग्रॅम व चांदी १०.४९ ग्रॅम, तेव्हां मीटरभर तार तांब्याची सुमारें ७ ग्रॅम आणि चांदीची सुमारें सव्वाआठ ग्रॅम होते. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट नव्हे, चौपट होतें, हें विशेष ध्यानांत ठेवावें. तोळ्यांत हिशेब सांगितला तर कोणता तोळा तेंही विचारावें. जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा, पण आज पुष्कळ सराफ दहा ग्रॅमांसच तोळा म्हणतात.

ह्या हिशेबाचा उपयोग लवकरच झाला. वर्गांतील एका विद्यार्थिनीच्या आईनें तिला साखळी करण्यासाठीं आजीच्या वेळची एक जुनी तोरडी देऊं केली. कस पाहून व घट वजा जातां तींतून २० ग्रॅम चांदी निघेल, असें सराफाकडून कळलें. आईंना साखळी जाड हवी होती. मुलीनें कागद घेतला. १.२२ मिलिमीटर तारेची तशीच साखळी करावयाची तर चांदी २६ ग्रॅमांहून अधिक लागत होती. १ मिलिमीटर तारेस मात्र १७.३ ग्रॅम पुरत होती. मायलेकींनीं बारीक तार पत्करली. तोरडी एकदां वितळली म्हणजे पुन्हां तोरडी होत नाहीं. अर्धीच साखळी होऊन बाकीच्या चांदीसाठीं पैसे शोधण्याची पाळी त्यांजवर आली नाहीं.

अखेर किंमत. हिशेबाच्या सोयीसाठीं चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये समजूं. तयार साखळींत १५.५ ग्रॅम तार दिसते, म्हणजे १,५५० रुपये. परंतु घेतलेल्या तारेस १,७३० रुपये पडलेले असतात. तुकडे परत विकले तरी मोडीचा भाव कमी येतो, आणि करवतीचा चुरा सगळा हातीं लागत नाहीं. त्यांत झाळण्याचा खर्च, तुटलेलीं पातीं, इंधन व कामाचे तास मिळवावे. वस्तूच्या वजनावरूनच किंमत सांगणारा कारागीर आपली मजुरी फुकट देतो, आणि वर पदरचे पैसेही घालतो.

विद्यार्थिमित्रांनो, हात कितीही कुशल असला तरी अपुऱ्या तारेची साखळी पुरी होत नाहीं. पालकांकडे पैसे मागण्यापूर्वीं हा हिशेब त्यांच्यापुढें मांडा. मग जितकें लागेल तितकेंच मागितलें जाईल, आणि देणाऱ्यासही तें कशासाठीं देतों हें कळेल.