पाणी तुंबलं की ज्वारीची मुळं काय करतात?

अकोट-दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीत झड लागली की वाफसा लवकर येत नाही आणि ज्वारी पिवळी पडते. जास्त पाण्यापेक्षा प्राणवायूचा तुटवडा तिला भोवतो.

पण मुळं गप्प बसत नाहीत! त्यांच्या पेशींत 'ईआरएफ-७' गटाची प्रथिनं बनतच असतात. एरवी प्राणवायू असला की पेशी ती मोडून टाकते. तो संपला की ती टिकतात आणि हवेविना साखरेतून थोडीफार ऊर्जा काढणारी जनुकं चालू करतात. इकडे इथिलीन वायूला पाण्यामुळे बाहेर पडता येत नाही, तो मुळातच कोंडतो. त्या इशाऱ्यावर सालीतल्या काही पेशी चक्क मरतात, पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून वरची हवा खाली उतरते. भंडारा-गोंदियाचं धान या पोकळ्या आधीच तयार ठेवतं. ज्वारी, मका, गहू मात्र पाणी साचल्यावर धावपळ करतात. धानातलं बुडीत सोसणारं 'सब-१ए' जनुक २००६ साली उजेडात आलं, त्यावरून 'स्वर्णा सब-१' वाण आला.

पाणी साचलेल्या शेतातलं मक्याचं नवं जाड मूळ आडवं कापून भिंगाखाली बघा, पोकळ्या दिसतील. आणि पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, सगळी भिस्त जनुकांवर नको.