हजेरीपटाबाहेरचे संशोधक

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत काम करणारा, पदवीच्या वर्गांचे तास घेणारा, उत्तरपत्रिका तपासणारा आणि त्याबद्दल दरमहा ठरावीक रक्कम मिळवणारा तरुण हा विद्यार्थी म्हणायचा की कर्मचारी? प्रश्न वरकरणी शब्दांचा वाटतो. पण व्यवहारात तो एका साध्या कागदापाशी येऊन थांबतो. तो कागद म्हणजे नावांची यादी. ज्यांच्या वतीने बोलायचे ते कोण, कोणत्या विभागात, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हे आम्हाला कळले पाहिजे, असे संघटना म्हणते. हे आमचे विद्यार्थी आहेत आणि त्यांची माहिती त्यांच्या संमतीवाचून बाहेर देता येणार नाही, असे विद्यापीठ म्हणते. दोन्ही म्हणण्यांना तत्त्वाचा आधार आहे. म्हणूनच या वादाकडे भारतातील धोरणकर्त्यांनी वेळीच लक्ष द्यावे, असे मला वाटते.

अमेरिकेत या वादाला मोठा इतिहास आहे. तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने १९६६ साली ‘एक्सेल्सियर’ या कपड्यांच्या कंपनीच्या प्रकरणात एक नियम घालून दिला : संघटनेसाठी मतदान व्हायचे असेल, तर मालकाने पात्र कामगारांची नावे व पत्ते संघटनेला दिले पाहिजेत. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. मालकाला प्रत्येक कामगाराशी रोज बोलता येते. संघटनेला कामगार कोण हेच ठाऊक नसेल, तर मतदाराला दुसरी बाजू ऐकायला मिळणार नाही. पुढे या यादीत दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्तेही आले आणि ती देण्याची मुदत दोन कामकाजी दिवसांवर आली. २०१६ मध्ये याच मंडळाने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, खासगी विद्यापीठांत शिकवणारे व संशोधन करणारे विद्यार्थी हे कर्मचारीही ठरतात. त्यानंतर या विद्यार्थ्यांच्या याद्यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

अडचण दुसऱ्या कायद्याची होती. १९७४ च्या कौटुंबिक शैक्षणिक हक्क व गोपनीयता कायद्यान्वये विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा उघड करता येत नाही. या कायद्याखालील नियमांत एक बारकावा आहे : विद्यार्थी असल्यामुळेच ज्याला काम मिळाले, त्याच्या नोकरीची नोंदही शैक्षणिक नोंदच मानली जाते. उपाहारगृहातील पूर्णवेळ कामगाराची माहिती ही नोकरीची माहिती. अध्यापन साहाय्यकाची माहिती मात्र शिक्षणाची. एक कायदा सांगतो द्या, दुसरा सांगतो देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये मंडळाच्या तत्कालीन महाधिवक्त्या जेनिफर अब्रूझो यांनी यावर तोडगा सुचवला : विद्यार्थ्याला कामावर घेतानाच्या कागदपत्रांत संमतीचा नमुना जोडावा, म्हणजे पुढे पेच उद्भवणार नाही. २०२५ मध्ये सत्तांतर झाले, अब्रूझो पदावरून दूर झाल्या आणि त्यांच्या काळातील अनेक मार्गदर्शक निर्देश मागे घेण्यात आले. प्रशासकीय पत्रकाच्या आधारावर उभा राहिलेला हक्क किती काळ टिकतो, याचा हा धडा आहे. याच काळात संघटनांचे बळही दिसले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया या सार्वजनिक विद्यापीठात सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्यांत संशोधक विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती.

आता आपल्याकडे पाहू. मी हे लिहितो आहे ते तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथून. बोधेंद्र सरस्वतींच्या अधिष्ठानाचे हे गाव विठ्ठल-रुक्मिणीच्या भव्य मंदिरामुळे मराठी माणसालाही आपले वाटावे असे आहे. तंजावरच्या मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत याच कावेरीकाठी होते. येथून जवळच आडुतुरै येथे भात संशोधन केंद्र आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने दिलेली भाताची वाणे या खोऱ्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. अशा केंद्रांत आणि देशभरातील प्रयोगशाळांत ‘कनिष्ठ संशोधन अधिछात्र’, ‘प्रकल्प साहाय्यक’ अशा नावांनी काम करणारे तरुण असतात. चिखलात उतरून नोंदी घेणे हे काम की शिक्षण, याचे उत्तर त्यांच्या नेमणूक पत्रात सहसा नसते.

याच परिसराशी निगडित एक जुने उदाहरण मला बोलके वाटते. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ साली शिष्यवृत्तीवर दाखल झालेल्या श्रीनिवास रामानुजन यांनी इतर विषयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे ती शिष्यवृत्ती गमावली. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून झाले. पुढच्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली आणि दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल मागितला. कारकून असताना ते नोकर होते. रक्कम अडीचपट झाली, अहवालाचे बंधन आले, तेव्हा कागदोपत्री ते विद्यार्थी झाले. शंभरहून अधिक वर्षांनंतरही आपली व्यवस्था या वर्गवारीच्या फारशी पुढे गेलेली नाही.

कायद्याची स्थिती पाहा. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेची व्याप्ती वाढवली आणि शिक्षणसंस्थाही तिच्या कक्षेत आल्या. पण संस्था उद्योग ठरली, म्हणून तेथील प्रत्येक जण कामगार ठरला असे नाही. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या बडतर्फीच्या प्रकरणात, म्हणजे ‘ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन’ या खटल्यात, याच न्यायालयाने शिक्षक हे ‘कामगार’ नव्हेत असा निर्वाळा दिला. अध्यापन हे उदात्त कार्य असल्याचे त्यामागील एक कारण होते. शिकवणारा पूर्णवेळ शिक्षकच जेथे कामगार नाही, तेथे शिकता शिकता शिकवणाऱ्याची काय कथा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. एखाद्या आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील, तर वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवण्यासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद बनते. येथे कळीचा शब्द आहे ‘हजेरीपट’. टक्केवारी काढायची, तर एकूण संख्या माहीत हवी आणि ती संख्या मालकाच्या दप्तरात असते. संशोधक विद्यार्थ्याचे नाव तर त्या पटावरच नसते. ते असते प्रवेश नोंदवहीत, वसतिगृहाच्या यादीत आणि अधिछात्रवृत्तीच्या देयकावर.

यादी नसली की काय होते, हे मुंबईच्या इतिहासात नोंदलेले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि साप्ताहिक सुट्टी, मधली विश्रांती अशा मागण्या मांडल्या. त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनचे काम मोठे होते. तरी १८९२ च्या कारखानेविषयक सरकारी अहवालाने या संघटनेला सभासदांची नोंद नाही, निधी नाही, नियम नाहीत असे नमूद करून तिचे संघटितपणच नाकारले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनवर गिरणी मालकांनी न्यायालयात दावा लावला, तेव्हा १९२६ च्या कामगार संघटना कायद्याची गरज स्पष्ट झाली. ज्याची नोंद नाही, त्याचे प्रतिनिधित्व नाही, हा न्याय तेव्हापासून चालत आला आहे.

याची दुसरी बाजू मला तितकीच गंभीर वाटते. भारतातील संशोधक विद्यार्थ्याचे भवितव्य बहुतांशी एका मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवर अवलंबून असते. संघटनेकडे गेलेली यादी फुटली, कोण सभासद झाले हे विभागात कळले, तर त्याची किंमत प्रबंधाच्या विलंबाने मोजावी लागू शकते. वसतिगृहाबाहेर एकटीने राहणाऱ्या संशोधिकेचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कोणाच्याही हाती पडणे तिला धोक्याचे वाटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती विशिष्ट समाजघटकांसाठी असते. तेथे केवळ अधिछात्रवृत्तीचे नाव उघड झाले, तरी त्या व्यक्तीचा सामाजिक प्रवर्ग उघड होतो. ज्या परिसरात जातीवरून शेरेबाजी ऐकावी लागते, तेथे ही माहिती निरुपद्रवी नसते.

खासगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात मूलभूत ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. संघटनेच्या गरजेचा असा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ज) बदलून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. परिणामी मालकाला कामगाराविषयी बरेच कळते, कामगारांच्या संघटनेला फारच थोडे. गोपनीयतेचा कायदा दुर्बलाचे कवच म्हणून आला. त्याची प्रशासनाच्या हातातील ढाल होऊ नये.

मग मार्ग कोणता? माझ्या मते तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, नोंदींची फारकत. गुण, मार्गदर्शकाचे अभिप्राय, प्रवर्ग, वैद्यकीय माहिती ही शैक्षणिक व खासगी नोंद. कोणत्या विभागात, कोणत्या स्वरूपाचे, किती तासांचे काम आणि किती मोबदला ही कामाची नोंद. विद्यापीठांनी दुसरी नोंद वेगळ्या पटावर ठेवावी. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात वा कार्यालयात तास भरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू असावा. श्रमाला प्रतिष्ठा देणारी ही परंपरा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवली. त्या श्रमाची नीट नोंद ठेवणे तिच्याशी सुसंगतच ठरेल.

दुसरी, माहितीची मर्यादा. संघटनेला नाव, विभाग, कामाचे स्वरूप आणि संस्थेने दिलेला ई-मेल पत्ता एवढेच मिळावे. घरचा पत्ता आणि खासगी क्रमांक त्या व्यक्तीने स्वतः दिला तरच. नाव वगळण्याची मुभा प्रत्येकाला असावी. पण तो निर्णय विद्यार्थ्याचा असावा, त्याच्या वतीने कुलसचिवांनी घेतलेला नसावा.

तिसरी गोष्ट, त्रयस्थ पडताळणी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेच्या मान्यतेचा निर्णय औद्योगिक न्यायालयाकडे सोपवला होता. त्याच धर्तीवर विद्यापीठाने पट आणि संघटनेने सभासद नोंदणी एका स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावी. त्याने केवळ संख्या जाहीर करावी. कोण सभासद आहे हे विद्यापीठाला कळण्याची गरज उरत नाही आणि संघटनेला आपले बळ सिद्ध करता येते.

यांपैकी काही बदलांसाठी संसदेची दारे ठोठवावी लागतील, तर काहींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम पुरेसे होतील. संमतीच्या नमुन्यासाठी मात्र एखाद्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा ठरावही पुरेसा आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली. तत्पूर्वी, २०१९ च्या वाढीसाठीही देशभरातील संशोधकांना रस्त्यावर उतरावे लागले होते. दर चार-पाच वर्षांनी निदर्शने करून मिळणारी वाढ आणि समोरासमोर बसून होणारा करार यांत जे अंतर आहे, ते प्रतिनिधित्वाचे अंतर आहे. विद्यापीठांनी येत्या प्रवेश सत्रात आपल्या अर्जात दोन ओळींची जागा ठेवावी : माझी कामाची माहिती संघटनेला द्यावी, किंवा देऊ नये. निदान हा प्रश्न त्या विद्यार्थ्याला एकदा तरी विचारला जाईल.