‘क्वॅक’ या शब्दाची कुळकथा

वैद्यकाचे शिक्षण न घेता रोग्यांवर उपचार करणाऱ्यास मराठीत ‘भोंदू वैद्य’ म्हणतात, हिंदीत ‘झोलाछाप’. इंग्रजीत त्याचे नाव ‘क्वॅक’. बदकाच्या आवाजासाठीही इंग्रजीत हाच शब्द असल्याने हे नाव बदकावरूनच पडले, असा पुष्कळांचा समज असतो.

वस्तुतः हा शब्द डच भाषेतून आला. ‘क्वाकझाल्वर’ हे त्याचे मूळ रूप. ‘झाल्फ’ म्हणजे मलम आणि ‘क्वाकेन’ म्हणजे बडबड करणे, फुशारकी मारणे. भर बाजारात आपल्या मलमाची मोठमोठ्याने वाखाणणी करणारा, तो क्वाकझाल्वर. जर्मन भाषेत पाऱ्याला ‘क्वेकझिल्बर’ म्हणतात आणि पूर्वी उपदंशावर पाऱ्याचे मलम चोळत असत. म्हणून काहींनी या शब्दाचा उगम तेथे शोधला. ही व्युत्पत्ती आकर्षक खरी, पण भाषाभ्यासकांना ती मान्य नाही. सोळाव्या शतकात इंग्रजीने ‘क्वॅकसॅल्व्हर’ हे रूप स्वीकारले. सतराव्या शतकात त्याचा संक्षेप झाला. मलम गळून पडले, बडबड तेवढी उरली!

भारतात हा शब्द न्यायालयापर्यंत पोहोचला. तापाच्या एका रुग्णाला होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि पुढे तो रुग्ण दगावला. या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ज्या उपचारपद्धतीचे ज्ञान नाही, त्या पद्धतीने उपचार करणारा हा ‘क्वॅक’च होय. म्हणजे हाती पदवी असलेला मनुष्यही क्वॅक ठरू शकतो.

आपल्याकडे चरकसंहितेने अशा वैद्यांना ‘रोगाभिसर’, म्हणजे रोगाचीच साथ करणारे, असे अन्वर्थक नाव दिले आहे. सूत्रस्थानातील त्यांचे वर्णन मुळातून वाचण्याजोगे आहे. कोणी आजारी असल्याचे कळताच हे धावून येतात. रोग्याच्या कानी पडेल अशा बेताने स्वतःचे गुण उच्च स्वरात सांगतात (डच शब्दातील बडबड ती हीच), आधीच्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतात आणि रोग्याच्या मित्रांना गोड बोलून वश करतात. आपल्याला फारशी अपेक्षा नाही, हेही सांगायला विसरत नाहीत. रोग हटला नाही, की दोष रोग्याचा: त्याच्यापाशी साधने नाहीत, सेवेला माणसे नाहीत, मनाचा संयम नाही. आणि रोग्याचा अंत जवळ आल्याचे दिसताच काही निमित्त काढून ते दुसऱ्या गावाची वाट धरतात.