वही हवी, कारकून नको

माझ्या ओळखीच्या एका ग्रंथालयाने वार्षिक सभेच्या सूचना सभासदांना धाडल्या. प्रत्येक सूचनेत सभासदाकडील दंडाची बाकीही छापली होती. चार दिवसांनी एक निवृत्त शिक्षक ते पत्र हातात घेऊन आले. पत्र छापले त्या दिवशी त्यांच्याकडचे पुस्तक एकच दिवस उशिरा झाले होते. दंड व्हायचा एक रुपया, आणि पत्रात चार रुपये. रक्कम ती काय! पण “मला थकबाकीदारांत बसवलेत,” हे त्यांचे शब्द चिटणिसांना फार लागले. हिशेब कोणी खोटा लिहिला नव्हता. मग वाढीव तीन रुपये आले कोठून?

ग्रंथालयाची सारी नोंद संगणकावर, अ‍ॅक्सेस या डेटाबेसमध्ये. पत्रे वर्डमध्ये. मजकूर एकच, नाव, पत्ता आणि बाकी मात्र प्रत्येकाची निराळी. ती डेटाबेसमधून उचलून पत्रात आपोआप भरणे, याला मेल मर्ज म्हणतात. आता अ‍ॅक्सेसमध्ये अशी सोय आहे की, कामांची एक मालिका लिहून तिला ‘ऑटोएक्झेक’ असे नाव दिले, की डेटाबेस उघडताक्षणी ती मालिका चालू लागते. अशा मालिकेला मॅक्रो म्हणतात. सारी किमया त्या नावात आहे. नाव बदला, की मॅक्रो निमूट पडून राहतो. ग्रंथालयाचा मॅक्रो रोज सकाळी उशिरा झालेल्या पुस्तकांचा दंड खात्यांवर चढवीत असे. त्या दिवशी एकदा तो रीतसर चालला. पुढे पत्राची मांडणी नीट बसेना, म्हणून ते तीनदा बंद करून उघडले. तीनदा डेटाबेस उघडला, आणि तीनदा दंड चढला.

येथे कोणी विचारील, वर्डने नुसते पत्ते वाचायचे, तर डेटाबेस ‘उघडतो’ कसा? खरी मेख हीच. वर्डला त्या माहितीपर्यंत जाण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. जुनी वाट डीडीई नावाची. तिच्यात वर्ड खुद्द अ‍ॅक्सेसलाच हाक मारून उठवतो. म्हणजे वही हवी म्हणून कारकुनालाच जागे करायचे, आणि जागा झालेला कारकून सकाळचा नित्यक्रम पुन्हा आरंभणारच! दुसरी वाट ओएलई डीबी. तीत अ‍ॅक्सेस झोपलेलाच राहतो, वर्ड परभारे तक्ते वाचतो आणि मॅक्रो चालत नाही. २००१ साली आलेल्या ऑफिस एक्सपीपासून वर्ड आपण होऊन ही दुसरीच वाट धरतो.

असे असता आमची मंडळी जुन्या वाटेवर का गेली? ओएलई डीबीने आणलेले साडेबारा रुपये ‘१२.५’ असे उमटत. डीडीईने ते अ‍ॅक्सेसमधल्यासारखे ‘१२.५०’ येत. एका शून्यापायी हा सारा खटाटोप! वास्तविक दोन दशांश स्थळे दाखवण्याची सूचना वर्डमध्ये त्या रकमेच्या फील्डलाच देता येते.

वाट निवडायची ती अशी. वर्डच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड या भागात, खाली जनरल या सदरात, ‘कन्फर्म फाइल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन’ असा एक चौकोन आहे. त्यावर खूण केली, की डेटाबेस जोडताना वर्ड वाट विचारतो. मात्र जी क्वेरी चालताना तारीख विचारते, किंवा जीत आपण स्वतः लिहिलेले व्हीबीए फंक्शन आहे, ती ओएलई डीबीला पेलत नाही. अशांना डीडीईवाचून गत्यंतर नाही. त्यांनी आधी शिफ्ट कळ दाबून धरून डेटाबेस स्वतः उघडावा, म्हणजे ऑटोएक्झेकही चालत नाही आणि आरंभीचा ठरवलेला फॉर्मही येत नाही. मग मर्ज करावा. वर्ड त्या उघड्या डेटाबेसलाच जोडून घेतो. हा उपाय सोपा, पण माणसाच्या आठवणीवर टांगलेला. शिवाय करणाराने शिफ्टची सवलत बंद करून ठेवली असेल, तर तोही खुंटतो.

मला स्वतःला तिसरा मार्ग पसंत आहे. पत्रांसाठी एक निराळा छोटा डेटाबेस करावा. त्यात मूळ तक्ते नुसते जोडलेले असावेत, पत्रापुरती क्वेरी असावी. ऑटोएक्झेक नसावा आणि आरंभीचा फॉर्मही नसावा. मग वर्ड कोणत्याही वाटेने येवो, जागे व्हायला तेथे कोणी नाही.

ग्रंथालयाने तेच केले. दंडाच्या मॅक्रोलाही ‘आजचा दंड चढला आहे काय?’ हे आधी पाहण्याची अट घातली. ती पहिल्याच दिवशी असायला हवी होती. जादा चढलेला दंड खात्यांतून वजा केला, आणि दुरुस्त पत्रे शिपायाकरवी घरोघर पोचवली. शिक्षकांकडे चिटणीस स्वतः गेले.